प्रवाळांची नवी वसाहत : मन्नारच्या आखातापासून हाजी अलीपर्यंत

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पंढरपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'प्रवाळ' असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, इथं चंद्रभागेच्या वाळवंटात पाणी दिसलं तरी आपण समाधान मानतो. समुद्राच्या तळाचं इथं कोणाला काय?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पंढरपूरपासून समुद्र अडीचशे-तीनशे किलोमीटर दूर. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी तो पाहिलेलाही नसेल.

पण प्रवाळ मात्र पंढरपुरात सगळ्यांनी पाहिले आहे. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळांच्या दुकानात तुळशीच्या माळेशेजारी पोवळ्याची माळ टांगलेली असते. वैद्याच्या कपाटात प्रवाळभस्माची बाटली असते. मंगळाची पीडा टळावी म्हणून पोवळ्याची अंगठी घालणारे आहेत. आपल्या घरांतही एखाद्या मुलीचे नाव मर्जान असते, आणि सूरे रहमान ज्यांना पाठ आहे त्यांना मोत्याच्या जोडीने आलेला हा शब्द ठाऊक आहेच. तेव्हा वस्तू ओळखीची आहे, तिचे गाव तेवढे आपल्याला माहीत नाही. एक खुलासा मात्र करतो. दागिन्यातले लाल पोवळे आणि मी आज ज्याबद्दल बोलणार आहे ते समुद्रात डोंगर रचणारे प्रवाळ हे एकाच कुळातले असले तरी सख्खे भाऊ नव्हेत.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. माझे वालिद १९८३ साली बोटीने हजला गेले होते. मुंबईहून जेद्दापर्यंत हाजींची बोट १९९५ पर्यंत जात असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. परतताना त्यांनी जमजमचे पाणी आणले, खजूर आणले, आणि जेद्दाच्या किनाऱ्यावर सापडलेला एक पांढरा, फांद्याफांद्यांचा दगड आणला. तो पुष्कळ वर्षे घरातल्या कपाटात होता. पुढे मी तो शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली, 'समुद्री दगड'. पंचवीस वर्षे मी विज्ञान शिकवले, आणि पंचवीस वर्षे ती चिठ्ठी तशीच होती. शेवटी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा जिवंत असताना कोणत्या रंगाचा होता?" मी उत्तर दिले, "पांढराच असणार." घरी जाऊन पुस्तके उघडली तेव्हा कळले, की दगड म्हणणेही चूक आणि पांढरा म्हणणेही चूक. दुसऱ्या दिवशी वर्गात माफी मागितली. त्या दिवसापासून जे वाचत गेलो, त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढा, काही जातींत त्याहून मोठा. आकार लहानशा पिशवीसारखा, तोंडाभोवती बोटांसारखे बारीक अवयव. हा जीव समुद्राच्या पाण्यातून चुना घेतो आणि आपल्याखाली त्याचे घर बांधतो. एकाचे दोन, दोनाचे चार होत हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. जुने मरतात, त्यांच्या घरांवर नवे घरे बांधतात. भरीव जातीचे प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढते, फांद्यांचे दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त. अशा संथ गवंडीकामातून हजारो वर्षांत प्रवाळभित्ती उभ्या राहतात. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग त्यांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला येतात.

आता रंगाचे. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला जागा देते. तपकिरी, हिरवट, पिवळसर हे रंग बरेचसे या भाडेकरूचे. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानेच जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे नाते तुटते. प्रवाळ शैवालाला अंगाबाहेर टाकते आणि पांढरे पडते. याला विरंजन म्हणतात. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर वाचते, नाही तर मरते आणि मग त्याच्यावर गवतासारखे दुसरे शैवाल चढते. माझ्या वालिदांनी आणलेला तुकडा पांढरा होता, कारण तो सांगाडा होता.

असे मरण आता घाऊक प्रमाणात येते आहे. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासून पुन्हा, अशा चार वेळा जगभर एकाच सुमारास प्रवाळे पांढरी पडली. आपल्या देशात याची मोठी झळ लक्षद्वीपला बसली. लक्षद्वीपची दहा बेटे वस्तीची, वस्ती बहुतेक सगळी मुसलमानांची, आणि पायाखालची जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा. तिथे शास्त्रज्ञांनी १९९८ पासून चोवीस वर्षे नोंदी ठेवल्या, तेव्हा जिवंत प्रवाळांचे आच्छादन साधारण निम्म्यावर आलेले दिसले. आपल्या घराचा पाया झिजतो आहे असे आपल्याला कोणी मोजून दाखवले तर कसे वाटेल, याचा विचार करा. महाराष्ट्रातही मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळे आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. २०१४ मध्ये तिथली प्रवाळेही पांढरी पडलेली शास्त्रज्ञांना आढळली. उष्णतेखेरीज होड्यांचे नांगर आणि हौशी पाणबुड्यांचे पाय हेही तिथले शत्रू आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मेलेली प्रवाळभित्ती पुन्हा जिवंत करता येते काय?

यासाठी ती आपोआप का उठत नाही हे आधी समजून घ्यावे लागेल. प्रवाळांच्या अनेक जाती वर्षातून एखाद-दुसऱ्या रात्री, बहुधा पौर्णिमेच्या आगेमागे, एकाच वेळी आपली अंडी पाण्यात सोडतात. त्यांतून निघालेली इवलीशी अळी काही दिवस पोहते आणि टणक, स्वच्छ जागा शोधते. एकदा जागा धरली की जन्मात ती तिथून हलत नाही. जुनी भित्ती शाबूत असेल तर जागेला तोटा नाही. पण सुरुंगाने मासे मारणाऱ्यांनी, चुन्यासाठी खणणाऱ्यांनी किंवा वादळाने तिचा भुगा केला असेल, तर तळाशी उरते ती नुसती खडी. प्रत्येक लाटेबरोबर खडी लोळते. त्यावर बसलेली अळी कधी वर, कधी खाली जाते आणि चिरडून किंवा गुदमरून मरते. शेजारच्या भित्तीवरून दर वर्षी लाखो अळ्या येतात आणि दर वर्षी अशाच वाया जातात. वीस-तीस वर्षे लोटली तरी अशा जागी काही उगवत नाही. चंद्रभागेत वाळूचा उपसा होऊन जिथे खड्डे पडले, तिथे पात्र पूर्वीसारखे का होत नाही, हे आपण पाहतोच. तळ मोडला की वरचे सगळे मोडते.

कृत्रिम भित्तीचे काम नेमके इथे आहे. काँक्रीटचे पोकळ, भोकाभोकांचे ठोकळे किंवा लोखंडी चौकटी तळाशी अशा बसवायच्या की त्या हलू नयेत. मग अळीला बसायला जागा मिळते, लाटेचा जोर कमी होतो, भोकांतून लहान मासे लपतात. काही ठिकाणी माणसे अळीची वाटही पाहत नाहीत. मोडून पडलेल्या जिवंत प्रवाळाचे बोटभर तुकडे गोळा करून ते चौकटीला बांधतात, जशी आपण डाळिंबाची किंवा उसाची कांडी लावतो. तुकडा धरला तर काही महिन्यांत चौकटीवर त्याचा चुना चढू लागतो.

कल्पना तशी जुनी आहे. जपानचे कोळी कित्येक पिढ्यांपूर्वी मासे जमावेत म्हणून दगड बुडवत आणि तामिळनाडूचे कोळी झाडाच्या फांद्या. आपल्यालाही ती परकी वाटू नये. उजनी धरणात बुडालेल्या पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर येते, हे आपल्याला माहीत आहे. तिथल्या एका मच्छिमार गृहस्थाने मला सांगितले होते, की जाळे कुठे टाकायचे हे ठरवताना ते बुडालेल्या भिंती आणि झाडे लक्षात ठेवतात. मासळीला आडोसा हवा असतो.

परंतु इथेच एक गफलत होते. मासे जमणे आणि मासे वाढणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि प्रवाळ वाढणे ही तिसरीच. ठोकळा टाकला की आठवडाभरात मासे येतात. ते इतरत्र विखुरलेले मासे एके जागी आले असतील, तर त्यांना पकडणे तेवढे सोपे होते आणि समुद्र आणखी रिकामा होतो. प्रवाळ मात्र वर्षे घेते. छायाचित्रात ठोकळ्याभोवती मासे दिसले म्हणजे भित्ती जिवंत झाली असे समजू नये. आपल्या संस्थेलाही हा न्याय लागू आहे. नव्या खोल्यांचे उद्घाटन झाले म्हणजे शिक्षण सुरू झाले असे नसते. (इथे पदाधिकारी मंडळी हसत आहेत, म्हणजे रागावलेली नाहीत.)

ज्या ठिकाणी हे काम मनापासून झाले त्यांतले आपल्या देशातले उदाहरण मन्नारच्या आखातातले. रामेश्वरम ते तुतिकोरिन या किनाऱ्यालगत एकवीस बेटांची माळ होती. माळ होती असे म्हणतो, कारण त्यांतली दोन बेटे पाण्याखाली गेली. याला मुख्य कारण माणूस. कित्येक दशके होड्या भरभरून प्रवाळ खणून काढले गेले. त्याचा चुना भाजला, कारखान्यांना कच्चा माल म्हणून विकला, घरांच्या भिंतींत बसवला. १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झाले तरी खणणे चालूच राहिले. २००१ साली प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, बसवले गेले आणि २००५ च्या सुमारास तिथले खणणे थांबले. खणणाऱ्यांना नुसते दोष देऊन चालणार नाही. ती गरीब माणसे होती आणि दुसरा धंदा त्यांना कोणी शिकवला नव्हता.

तुतिकोरिनजवळचे वान बेट असेच झिजत चालले होते. समोरची भित्ती खणून नेल्यामुळे लाटा सरळ येऊन वाळू ओढून नेत. २०१५ च्या अखेरीपासून तामिळनाडू शासनाने तिथे काँक्रीटचे भोके असलेले ठोकळे समुद्राच्या बाजूला ओळीने बसवायला सुरुवात केली. सगळे मिळून सुमारे १०,६०० ठोकळे बसले. ते बेटापासून किती अंतरावर, किती खोलीवर, कोणत्या कोनात ठेवायचे याचा हिशेब अभियंत्यांनी आधी केला. शिवाय तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ पूर्वीपासून, २००२ च्या सुमारापासून, तिथे काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे लावून पाहत होते. म्हणजे ठोकळे समुद्रात उतरण्याआधी दहा-बारा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. परिणाम असा, की वान बेटाची झीज थांबली, ठोकळ्यांच्या आत वाळू साठू लागली, मासे आले आणि ठोकळ्यांवर लहान लहान प्रवाळे धरली. आता त्याच धर्तीवर शेजारच्या कारियाचल्ली बेटासाठी काम हाती घेतले गेले आहे. ठोकळ्यांचे श्रेय ठोकळ्यांना द्यावेच, पण खणणे थांबून दहा वर्षे झाली होती हे विसरू नये. खणणे चालू असताना हेच ठोकळे टाकले असते, तर ते मला वाटते वायाच गेले असते.

दुसरे उदाहरण इंडोनेशियाचे. सुलावेसी बेटाजवळ, मकास्सर शहराच्या समोर, कोळ्यांनी सुरुंग लावून मासेमारी केल्यामुळे भित्तींची खडी झाली होती. तिथे वाळूचा लेप दिलेल्या षट्कोनी लोखंडी चौकटी एकमेकींना जोडून जाळे अंथरले गेले आणि त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधले गेले. हे काम बहुतांशी गावातल्या माणसांनीच केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार वर्षांत ही लावलेली भित्ती जवळपासच्या निरोगी भित्तीइतक्याच वेगाने चुना रचू लागली होती. अर्थात लावलेल्या बहुतेक जाती फांद्यांच्या, झपाट्याने वाढणाऱ्या आणि उष्णतेला लवकर बळी पडणाऱ्या आहेत. जुन्या जंगलात आणि नव्या लागवडीत जो फरक असतो तो इथेही आहे.

गुजरातेत मिठापूरजवळ २०२० च्या जानेवारीत भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने निराळा प्रयोग सुरू केला. लोखंडी सांगाडा पाण्यात ठेवून त्यातून सौर शक्तीवर अगदी सौम्य विजेचा प्रवाह सोडायचा. समुद्राच्या पाण्यातला चुना सांगाड्यावर आपोआप साचतो आणि प्रवाळाला आयती जमीन मिळते. कल्पना सुंदर आहे. खर्च आणि देखभाल पाहता ती गावोगावच्या कोळ्यांना कितपत झेपेल याबद्दल मी साशंक आहे.

आणि फसलेले उदाहरणही सांगितले पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७० नंतरच्या काही वर्षांत मोटारींचे जुने टायर, थोडेथोडके नव्हे, सुमारे वीस लाख, गठ्ठे बांधून समुद्रात टाकले गेले. कचऱ्याची विल्हेवाटही लागेल आणि मासळीला घरही मिळेल असा दुहेरी हिशेब होता. काही काळाने बांधलेले पट्टे तुटले, टायर सुटे झाले आणि वादळात वाहत जाऊन शेजारच्या जिवंत प्रवाळांवर आपटू लागले. पुढे लष्कराचे पाणबुडे लावून ते वर काढावे लागले. आपल्याकडे कोणी जुनी वस्तू समुद्रात टाकून तिला 'प्रवाळभित्ती' हे नाव देऊ लागला, तर फ्लोरिडाचे टायर आठवावेत.

आता महाराष्ट्राकडे, आणि आपल्या ओळखीच्या जागेकडे येऊ. मुंबईला गेलो की आपण हाजी अली बाबांच्या दर्ग्याला जातो. भरतीच्या वेळी वाट पाण्याखाली जाते, म्हणून ओहोटीची वेळ पाहून जातो. दोन्ही बाजूंच्या काळ्या खडकांकडे कोणी पाहत नाही. त्या खडकांवर, त्या गढूळ पाण्यात, प्रवाळे राहतात यावर माझा प्रथम विश्वास बसला नाही. मुंबईचा सागरी किनारी रस्ता बांधायचे ठरले तेव्हा ही प्रवाळे भरावाखाली जातील हे लक्षात आले. कायद्याने ती वाघाइतकी संरक्षित असल्यामुळे वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे गेले. शास्त्रज्ञांनी हाजी अली आणि वरळी येथे खडकन्‌खडक तपासून अठरा वसाहती निश्चित केल्या आणि २०२० च्या अखेरीस त्या हलवल्या. काही हाजी अलीजवळच भरावापासून दूर, तर काही कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला.

अठरा! हजारो कोटी रुपयांच्या रस्त्यासाठी अठरा लहानशा वसाहती. काहींनी याची थट्टा केली, काहींनी उलट टीका केली की हा केवळ देखावा आहे. मला दोन्ही पटत नाही. अशा स्थलांतरात जागा निवडताना पाण्याची खोली, गढूळपणा, लाटेचा मार, ओहोटीत किती तास उघडे पडणार, हे सगळे जुन्या जागेसारखे आहे का ते पाहावे लागते, आणि हलवल्यानंतर वर्षानुवर्षे परत जाऊन मोजावे लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नव्या गावी न्यायचे म्हटले तरी आपण एवढा विचार करत नाही. त्या अठरा वसाहतींमुळे आपल्या राज्यात ही विद्या हाताला लागली. मात्र अठरा हलवता आल्या म्हणून उद्या अठराशे हलवून कुठेही भराव घालता येईल, असा अर्थ कोणी काढला तर तो अनर्थ होईल. रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्यावरून जाताना दर्गा दिसतो. खालचे खडक दिसत नाहीत.

त्याच सुमारास, २०२४ मध्ये, वरळी कोळीवाड्याजवळ सुमारे २१० कृत्रिम भित्तीचे घटक समुद्रात उतरवले गेले. मुंबईच्या पाण्यात त्यांवर लक्षद्वीपसारखी रंगीत प्रवाळे उगवतील अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे कालवे, शिंपले, शैवाल आणि त्यांच्यामागे मासळी येईल. तेही काही कमी नाही, कारण किनाऱ्याची मासळी घटल्याने कोळी बांधवांच्या चुली मंद झाल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणलाही काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळ लावण्याचे प्रयोग झाले आहेत. आणि निवतीजवळच्या समुद्रात नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' बुडवून तिची कृत्रिम भित्ती आणि पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना राज्य शासनाने आखली. १९८५ मध्ये नौदलात आलेली ही नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी पर्यटन महामंडळाच्या हवाली झाली. बुडवण्यापूर्वी तेल, रंग, तारा सगळे खरवडून काढणे हाच अशा कामाचा खरा भाग असतो. पाणबुडीतून ती पाहायला पर्यटक येतील तेव्हा आजूबाजूच्या नैसर्गिक प्रवाळांवर नांगर पडू नयेत, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ झाले.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. चौकट टाकल्याने पाणी थंड होत नाही. २०२३ पासूनच्या उष्णतेच्या लाटेत जगातल्या चार पंचमांशाहून अधिक प्रवाळक्षेत्राला विरंजनाइतका ताप सोसावा लागला आणि त्यात कष्टाने लावलेल्या प्रवाळांचाही समावेश होता. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मालदीवकडे पाहा. तिथे पूर्वजांनी प्रवाळाच्या दगडातून मशिदी बांधल्या. मालेची जुनी जुम्मा मशीद १६५८ सालची, तिच्या प्रवाळी भिंतींवरचे कोरीवकाम पाहायला लोक दुरून येतात. जेद्दाच्या जुन्या शहरातली घरेही तांबड्या समुद्राच्या प्रवाळाचीच. थोडी माणसे आणि थोडी घरे होती तोवर समुद्राला ते सोसत होते. पुढे मालेच्या भोवतालची भित्ती खणून आणि भराव घालून गेली, १९८७ मध्ये मोठ्या लाटा शहरात घुसल्या, आणि मग जपानच्या मदतीने बेटाभोवती काँक्रीटचा तट बांधावा लागला. जे काम प्रवाळे फुकट करत होती त्याला कोट्यवधी लागले. आणि तटाला दर काही वर्षांनी डागडुजी लागते, प्रवाळ आपली डागडुजी आपण करते.

पालकांसाठी थोडे. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला ती यंदा बारावीला आहे. तिला मत्स्यविज्ञान शिकायचे आहे. तिचे वडील माझे विद्यार्थी, मंडईत त्यांचा फळांचा गाळा आहे, ते आज इथे बसलेले आहेत. ते मला म्हणाले, "सर, पंढरपूरच्या पोरीला समुद्राशी काय काम? परत बोटीवर, पाण्यात, परगावी." त्यांची काळजी मला कळते. मलाही मुली आहेत. एवढेच सांगतो, की रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, आणि समुद्राचा वारासुद्धा लागत नाही अशा उदगीरलाही एक आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा. पुढे शिकायचे तर मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय संस्था आहे, गोव्याला दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था आहे. या शास्त्रात निम्मे काम पाण्याबाहेर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि मोजणीच्या वहीत असते. उरलेल्या निम्म्यासाठी पोहता यावे लागते, आणि तेही शिकता येते. निर्णय त्यांनी घरात बसून करावा, इतक्या लोकांसमोर मी त्यांना भीड घालणार नाही.

शाळेची सहल यंदा मालवणला जाणार आहे. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी या महिनाअखेरपर्यंत कार्यालयात द्यावीत. तिथे किनाऱ्यावर पांढरा तुकडा दिसला तरी उचलायचा नाही. कायद्यानेही मनाई आहे आणि माझीही. माझ्या वालिदांनी आणलेला तुकडा प्रयोगशाळेत आहे. जुनी चिठ्ठी काढून टाकली आहे आणि नवी त्या मुलीने लिहिली आहे. आज संध्याकाळपर्यंत खोली उघडी राहील, पण कृपया एका वेळी दहा-बारा जणांनीच आत जावे.